वजन कुठे जाते, उजेड कुठून येतो

सोलापुरातल्या एका जुन्या पेठेत काही वर्षांपूर्वी एका वाड्याची कमान फाकली. चारचाकी आत घेता यावी म्हणून मालकांनी दरवाजाच्या उजव्या अंगाची जाड भिंत पाडून तिथे गाळा काढला होता. कमानीला कोणी हात लावला नव्हता, तिच्यावर नवे वजनही चढवले नव्हते. तरी पहिल्याच पावसाळ्यानंतर माथ्याचा चावीचा दगड बोटभर खाली सरकला. खालून पाहिले की माथ्याशी सांधा उघडलेला दिसायचा, आणि दोन्ही खांद्यांपाशी वरच्या अंगाने भेग. कुंभारीहून माझ्यासोबत आलेले गवंडीमामा बराच वेळ नुसते बघत उभे राहिले. मग म्हणाले, "सर, कमान खांबावर उभी असते असं लोकांना वाटतंय. कमान बाजूवर उभी असते. ह्यांनी तिची बाजूच काढून घेतली की."

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. युरोपच्या मध्ययुगावरचा धडा आला की फळ्यावर लिहून द्यायचो: गॉथिक वास्तुशैलीची वैशिष्ट्ये. टोकदार कमान, बरगड्यांचे छत, बाहेरचे टेकू, रंगीत काचा, उंच मनोरे. मुले ते उतरवून घ्यायची. त्या दिवशी अक्कलकोट रस्त्याने परत येताना माझ्या लक्षात आले की त्या पाच मुद्द्यांत मामांचे वाक्य कुठेच नव्हते, आणि ते वाक्य नसेल तर पाचही मुद्दे पाठ करून काही कळत नाही.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो, कारण तो अडाण्यांचा नाही. तो असा आहे. गॉथिक ही बाराव्या शतकात फ्रान्समध्ये जन्मलेली शैली, आणि शैली तिच्या खुणांवरून ओळखावी. टोकदार कमान ही मुख्य खूण. ती फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलवर आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर आहे, राजाबाई टॉवरवर आहे, पुण्याच्या लाल देवळावर आहे. म्हणून ही सगळी एकाच घराण्यातली. हे घराणे इंग्रजांनी आपल्याकडे आणले. त्याआधी आपल्या शिल्पींना खरी कमान बांधता येत नव्हती. ते खांबावर आडवा दगड टाकत राहिले, म्हणून आपली देवळे बुटकी आणि अंधारी राहिली. युरोपने मात्र दगड आभाळाला नेऊन भिडवला.

यातले शेवटचे वाक्य आता पुस्तकात इतके उघड छापत नाहीत. पण परदेश पाहून आलेल्यांच्या बोलण्यात, सहलीच्या गाइडच्या तोंडी, स्पर्धा परीक्षेच्या टिपणांत ते अजून ठाण मांडून बसले आहे. मला ते खोडायचे आहे. आणि ते खोडायचे तर आधी पहिले वाक्य खोडावे लागते, कारण सगळा घोळ तिथे सुरू होतो.

टोकदार कमान ही गॉथिकची खूण असेल, तर आपण सोलापूरकर गॉथिक प्रदेशात राहतो असे म्हणावे लागेल. भुईकोट किल्ल्याच्या दरवाजांत टोकदार कमान आहे. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातल्या १३६७ सालच्या जामा मशिदीत टोकदार कमानींच्या रांगाच्या रांगा आहेत. विजापुरात तर पावलोपावली. याहून जुनी हवी असेल तर कैरोची इब्न तुलुनची मशीद घ्या. ती नवव्या शतकातली, म्हणजे फ्रान्समधले पहिले गॉथिक बांधकाम सुरू होण्याच्या अडीचशेहून अधिक वर्षे आधीची. खुद्द फ्रान्समध्ये क्ल्युनीच्या मठाचे जे तिसरे चर्च १०८८ साली सुरू झाले, त्यात टोकदार कमानी होत्या, आणि त्या चर्चला कोणी गॉथिक म्हणत नाही. छताच्या बरगड्यांचेही तेच. इंग्लंडमधल्या डरहॅमच्या कॅथेड्रलचे काम १०९३ साली सुरू झाले. तिथे दगडी बरगड्यांचे छत आहे आणि इमारत गॉथिकच्या आधीच्या वळणाची मानली जाते.

कोणी म्हणेल, मग गॉथिक अरबांकडून उचललेले आहे. हे मतही हल्ली फार फिरते, आणि ते नवे नाही. लंडनचे सेंट पॉल्स बांधणाऱ्या ख्रिस्तोफर रेनचेही जवळपास तसेच मत होते. कमानीचा आकार पूर्वेकडून गेला असावा, हे मला मान्य आहे. पण आकार नेला म्हणजे बांधणी नेली असे होत नाही, आणि याचा पुरावा सोलापूरपासून शंभर किलोमीटरवर उभा आहे. गोल घुमट. महंमद आदिलशाह १६५६ साली वारला, त्याची ही कबर. घुमट बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा. एवढा घुमट खाली बसू पाहतो तेव्हा तो बाहेरच्या बाजूला रेटतो. त्या रेट्याचे विजापूरच्या कारागिरांनी काय केले? दालनाच्या चारही बाजूंनी टोकदार कमानी उठवल्या, त्या एकमेकींना छेदत नेल्या आणि वर आतल्या अंगाला झुकलेले एक जड कडे तयार केले. घुमट बाहेर रेटतो, कडे आपल्या वजनाने आत ओढते, आणि दोघे एकमेकांना धरून ठेवतात. कमानीचा आकार शार्त्रचाच, पण रेटा अडवण्याची युक्ती नेमकी उलटी. शार्त्रला रेटा बाहेर नेऊन बाहेर संपवला आहे. एकच आकार, दोन वेगळे विचार. मग ओळख आकारावरून कशी करणार?

'गॉथिक' हे नावच मुळात ओळख पटवणारे नाही. सोळाव्या शतकातल्या इटालियन मंडळींनी ते हिणवण्यासाठी वापरले. चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या वासारीने १५५० साली असा समज पसरवला की रोम उद्ध्वस्त करणाऱ्या गॉथ टोळ्यांनी ही बेढब बांधणी आणली. गॉथ लोक तर ही कॅथेड्रले उभी राहण्याच्या कितीतरी शतके आधीच इतिहासातून नाहीसे झाले होते. ज्या काळात ती बांधली गेली त्या काळात जर्मनीत या बांधणीला 'फ्रेंच काम' म्हटल्याची नोंद आहे. आपल्याकडे 'हेमाडपंती' या शब्दाने अगदी हेच केले आहे. हेमाद्री हा यादवांच्या दरबारातला मंत्री, महादेव आणि रामचंद्र यांच्या काळातला, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे. तरी चुना न वापरता रचलेला कुठलाही काळा दगड दिसला की आपण तो हेमाडपंताच्या नावावर लावून मोकळे होतो. नाव मिळाले की माणूस बघायचे थांबवतो. गॉथिकचे आणि हेमाडपंतीचे दुखणे एकच आहे.

आता मंडन. गॉथिक म्हणजे काय, हे मी माळवदाच्या घरावरून सांगतो.

आमच्याकडचे जुने घर किती मोठे हे खणांवर सांगतात. पाच खणांचे, सात खणांचे. लाकडी खांब, त्यावर तुळया, वर मातीचे माळवद. चार खांबांमधली जागा म्हणजे खण. कॅथेड्रलचे लांबलचक दालनही असेच खणाखणांनी बांधत नेलेले असते. फरक असा की त्या खणावर लाकूड-मातीऐवजी दगडाचे कमानी छत, म्हणजे लादणी असते. आता खण चौरस नसून लांबट आहे असे समजा: एक बाजू १५ फूट, दुसरी २० फूट, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर २५ फूट. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीच्या निम्मी ठरलेली असते, त्यात कारागिराच्या हाती काही नसते. म्हणजे या तीन कमानींची उंची साडेसात, दहा आणि साडेबारा फूट येते. एकाच छताचे तीन माथे तीन उंचीला, आणि छत उंटाच्या पाठीसारखे. टोकदार कमान मात्र रुंदी तीच ठेवून हवी तेवढी उंच करता येते. तिन्ही माथे एका पातळीत आणता येतात. शिवाय कमान जितकी उभट तितका तिचा बाजूचा रेटा कमी. टोकाचे महत्त्व एवढे आहे, आणि हे महत्त्व मोठे आहे. पण टोक हे साधन आहे. रेटा त्याने कमी होतो, संपत नाही.

उरलेल्या रेट्याचे काय? जुनी रीत म्हणजे भिंत जाड करायची. जाड भिंतीत मोठी खिडकी काढता येत नाही. काढली तर पेठेतल्या त्या वाड्यासारखे होते. गॉथिक कारागिरांनी काय केले तर भिंतीतले रेटा धरण्याचे काम काढून घेतले. छताचा रेटा खणाच्या चार कोपऱ्यांशी गोळा होतो. नेमक्या त्या जागी बाहेरून एक अर्धी कमान आणून टेकवली, बाजूच्या बुटक्या दालनाच्या छपरावरून हवेतून ओलांडून नेली आणि पलीकडे उभ्या केलेल्या भक्कम दगडी धिऱ्यावर उतरवली. फ्लाइंग बट्रेस म्हणतात ती हीच. मामांच्या भाषेत सांगायचे तर कमानीची बाजू घराबाहेर अंगणात नेऊन उभी केली. मग दोन खांबांमधली भिंत मोकळी झाली. तिला फक्त वारा अडवायचा आणि स्वतःचे वजन सांभाळायचे. तिथे दगडाऐवजी काच बसवता आली.

शार्त्रला जून ११९४ मध्ये मोठी आग लागली आणि त्यानंतर आजचे कॅथेड्रल उभे राहिले; बहुतेक काम पुढच्या तीस वर्षांत झाले. मधल्या दालनाचे छत जमिनीपासून सुमारे ३७ मीटरवर आहे. भिंतींत जी रंगीत काच आहे तिचे क्षेत्रफळ सुमारे अडीच हजार चौरस मीटर भरते. आपल्या मापात पंचवीस गुंठे. पंचवीस गुंठे काच दगडाच्या इमारतीत उभी बसवणे, हे गॉथिकचे काम आहे. पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या मठात स्युजे नावाच्या मठाधिपतीने ११४४ साली पूर्ण केलेल्या नव्या भागापासून ही दिशा ठरली, आणि स्युजेने आपल्या लेखनात पुन्हा पुन्हा भर दिला तो उजेडावर.

टेकूंचे काम खरोखर किती हे नोत्र दामच्या आगीने आपल्या डोळ्यांदेखत दाखवले. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या त्या कॅथेड्रलचे ओकच्या लाकडाचे छप्पर जळाले, वरचा शंकू दगडी छत फोडून खाली आला. दगडी छत बहुतांश टिकले, पण ते किती टिकेल याची खात्री नव्हती. तेव्हा दुरुस्ती करणाऱ्यांनी जी कामे आधी हाती घेतली त्यांतले एक म्हणजे बाहेरच्या २८ फ्लाइंग बट्रेसना खालून लाकडी सेंटरिंग लावणे. प्रश्न पडेल की आत छत पडण्याची भीती असताना बाहेरच्या कमानींना आधार कशाला? कारण छत बाहेर रेटते आणि ती अर्धी कमान आत रेटते. छत कोसळले तर तिच्यासमोर अडवायला कोणी उरत नाही, आणि तीच भिंतीला आत ढकलते. आठशे वर्षे एकमेकांवर रेलून उभे असलेले दोन मल्ल. एक बाजूला झाला की दुसरा तोंडावर पडणार. डिसेंबर २०२४ मध्ये ते कॅथेड्रल पुन्हा उघडले.

इथे मला माझ्याच बाजूच्या एका मोठ्या माणसाला विरोध करावा लागतो. गॉथिक म्हणजे सांगाडा, हे मत एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या व्हिओले-ल-द्युकने मांडले. नोत्र दामचा जळालेला शंकू त्याच्याच देखरेखीखाली झालेला. त्याचे म्हणणे असे की छताच्या बरगड्या सगळे वजन उचलतात आणि मधले दगड नुसता भराव. हे इतके नीटनेटके आहे की सगळ्यांना पटले. पण पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी उत्तर फ्रान्समधली चर्चे फुटली तेव्हा काही ठिकाणी बरगड्या गळून पडल्या आणि मधले छत तसेच राहिले. १९३४ साली पोल अब्राम या वास्तुशास्त्रज्ञाने हे दाखवून बरगडीच्या सिद्धान्तावर घाव घातला. पुढे १९६६ साली जॅक हेमन या इंग्रज अभियंत्याने दगडी बांधणीचे गणित मांडले: दगड दाब सहज सोसतो, ताण सोसत नाही, म्हणून रेट्याची वाट दगडाच्या जाडीच्या आत राहील असा आकार दिला की इमारत टिकते. अमेरिकेत रॉबर्ट मार्कने प्लॅस्टिकच्या नमुन्यांवर प्रयोग करून दाखवले की टेकूंना छताचाच नव्हे, उंच उतरत्या छपरावर आदळणाऱ्या वाऱ्याचा रेटाही झेलावा लागतो. कुंभारीत हल्ली चहूकडे कॉलम उभे राहतात. आधी कॉलम, मग विटा. ते पाहून गॉथिक म्हणजे दगडातले आर.सी.सी. असे सांगायचा मोह होतो. मीही सांगत असे. ते अर्धेच खरे आहे. आर.सी.सी.मध्ये सळई ताण घेते. गॉथिकमध्ये सळई नाही. तिथे सगळा हिशोब दाबाचा, आणि दाबाला वाट दाखवण्याचा. बरगडी ही छत बांधताना उपयोगी पडली, डोळ्याला रेषा दाखवते, काही वजनही घेते. तिला सगळे श्रेय देणे म्हणजे पुन्हा खुणेच्याच मागे जाणे.

या हिशोबाला मर्यादा होती, हेही सांगितले पाहिजे. बोव्हे गावाने १२२५ साली सगळ्यांत उंच कॅथेड्रल बांधायला घेतले. छत ४८ मीटरवर नेले. १२८४ साली त्याचा मोठा भाग कोसळला. का, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. गावाने खांबांच्या मध्ये आणखी खांब घालून ते पुन्हा उभारले, आणि सोळाव्या शतकात त्यावर दीडशे मीटरहून उंच मनोरा चढवला. १५७३ साली तोही पडला. मुख्य दालन कधी बांधलेच गेले नाही. बोव्हेला आजही अर्धे कॅथेड्रल आहे.

आता आपल्या देवळांकडे वळतो.

आपल्या शिल्पींना कमान येत नव्हती, हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. कानपूरजवळच्या भितरगावचे विटांचे मंदिर गुप्तकाळातले, आणि त्यात खरी कमान आहे. कमान माहीत होती. दगडी देवळासाठी ती घेतली नाही. का घेतली नाही याचे उत्तर जेम्स फर्ग्युसनने १८७६ सालच्या आपल्या भारतीय वास्तुकलेच्या इतिहासात हिंदू कारागिरांच्याच एका म्हणीतून नोंदवले आहे: कमान कधी झोपत नाही. ती सतत रेटत असते, एक बाजू सैल झाली की स्वतःलाच फोडते. आपल्या शिल्पीने न रेटणारी बांधणी निवडली. खांबावर तुळई, तुळईच्या कोपऱ्यांवर तिरपे दगड, त्यावर एकाआत एक सरकत जाणारी दगडांची वर्तुळे. प्रत्येक थर खालच्या थरावर आडवाच बसतो, वजन जवळजवळ सरळ खाली जाते. बाजूला ढकलणारे काही नाही, म्हणून बाहेर टेकू नाहीत. टेकू नसणे हा अज्ञानाचा पुरावा म्हणून दाखवला जातो; तो खरे तर निवडीचा पुरावा आहे.

याची किंमत होती आणि ती मी लपवत नाही. आडव्या दगडाला खालून ताण येतो आणि दगड ताणाला कच्चा. म्हणून तुळई काही हातांपलीकडे नेता येत नाही, खांब जवळजवळ घ्यावे लागतात. शार्त्रचे मधले दालन सोळा मीटरहून जास्त रुंद आहे. खांबाचा अडथळा नसलेले एवढे रुंद दालन आपल्या यादवकालीन किंवा चालुक्यकालीन देवळांत कुठेही नाही. पण ते हवे होते का? कॅथेड्रल म्हणजे बिशपचे आसन जिथे असते ते चर्च. सगळ्या गावाने एका वेळी आत यायचे, एकत्र उभे राहून प्रार्थना करायची. आपले दर्शन एकेकट्याचे. माणूस उन्हातून येतो, मंडपात डोळे निवतात, अंतराळात आणखी, आणि गाभाऱ्यात समईच्या ज्योतीपुरता उजेड. तो अंधार ठरवून केलेला आहे.

ऊन हा तर या वादातला सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा. शार्त्र विषुववृत्तापासून साडेअठ्ठेचाळीस अंश उत्तरेला. तिथे डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम अठरा अंश वर येतो. असा तिरपा, दुबळा उजेड घ्यायचा तर तो भिंतीतूनच घ्यावा लागतो, आणि भिंत जितकी मोकळी तितके बरे. सोलापूर साडेसतरा अंशांच्या आसपास. इथे डिसेंबरातसुद्धा दुपारचा सूर्य एकोणपन्नास अंशांवर असतो, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो नेमका डोक्यावर येतो, पायाखाली सावली नाहीशी होते. त्या महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असताना पंचवीस गुंठे काचेच्या भिंतीआड कोण बसेल? इथला शहाणा माणूस भिंत जाड ठेवतो आणि उजेड वरून घेतो. माळवदाच्या घरात साणे असते, माळवदालाच ठेवलेले भोक. खाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर उन्हाचा एक ठिपका पडतो आणि दिवसभर घरातून फिरतो; माझी आजी त्याच्यावरून वेळ सांगायची. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप म्हणजे याच साण्याचे देवळातले रूप. ४८ खांब, आणि मध्यभागी छताला सुमारे तेरा फुटांचे मोकळे वर्तुळ. वर थेट आभाळ, खाली तेवढ्याच मापाची गोल शिळा. आपल्या जिल्ह्यात भीमा-सीना संगमावरच्या हत्तरसंग कुडलला हरिहरेश्वर मंदिरातही स्वर्गमंडपाची मांडणी आहे.

आणि शार्त्रच्या आतही लख्ख उजेड नाही. तिथली काच गडद निळी, लाल. बाहेरून आत गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो. दोन्हीकडच्या कारागिरांना उजेड मोजून हवा होता. एकाने तो भिंतीतून रंगवून घेतला, दुसऱ्याने छतातून गोल कापून घेतला. यात पुढे कोण आणि मागे कोण हे ठरवायला काही माप नाही.

मुंबईचा हिशोब आता थोडक्यात होतो. फ्रेडरिक स्टीव्हन्सने बांधलेल्या टर्मिनसचे काम १८७८ साली सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. त्याच्या टोकदार खिडक्या, दगडी प्राणी, मनोरे यांचे वळण गॉथिक आहे, आणि वर बरगड्यांचा जो अष्टकोनी दगडी घुमट आहे तो कारागिरीचा अस्सल नमुना आहे. पण गाड्या लागतात त्या जागेचे छत लोखंडाचे. इमारतीच्या दर्शनी अंगाला खोल व्हरांडे आहेत, कारण मुंबईच्या उन्हापावसात काचेची भिंत चालणारी नव्हती. म्हणजे ज्या उद्देशाने शार्त्रने ही बांधणी घडवली तो उद्देशच इथे उलटा झाला आहे. विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहात बारा राशींची चक्राकार रंगीत खिडकी आहे. शार्त्रच्या काचांतही राशी आहेत, आणि तेवढे नाते मी आनंदाने मान्य करतो. पुण्याचे लाल देऊळ, १८६७ सालचे, हे तर ज्यूंचे प्रार्थनास्थळ. तिथवर येईपर्यंत गॉथिक हा पोशाख झाला होता, तो कोणीही घालावा. पोशाख सुंदर आहे. त्याला 'गॉथिक वळणाचा' म्हणा, आणि तो इंग्रजांनीच प्रथम आणला असे म्हणू नका. जुन्या गोव्यात टेकडीवर अवर लेडी ऑफ द रोझरी हे छोटे चर्च आहे, १५४० च्या दशकातले. पोर्तुगालमध्ये गॉथिकची जी शेवटची फांदी फुटली तिच्यातले ते; त्याच्या छतातल्या दगडी बरगड्या पुनरुज्जीवनाच्या नाहीत, तुटक का होईना चालत आलेल्या परंपरेतल्या आहेत. मुंबईच्या तीनशे वर्षे आधीच्या. त्याच गोव्यातले से कॅथेड्रल मात्र १६४० साली अभिषेक झालेले भले मोठे कॅथेड्रल असून गॉथिक नाही, म्हणजे कॅथेड्रल म्हटले की गॉथिक हेही खरे नाही.

शिक्षकांना आणि सहली नेणाऱ्यांना माझी विनंती आहे. मुलांना वैशिष्ट्यांची यादी देऊ नका. कुठल्याही इमारतीसमोर उभे करून दोन प्रश्न विचारा: वजन कुठे जाते आणि उजेड कुठून येतो. गोल घुमटाला विचारा, किल्ल्याच्या दरवाजाला विचारा, गावातल्या पडक्या वाड्याला विचारा. परदेशी जायची ऐपत असेल त्यांनी शार्त्रलाही जाऊन हेच विचारावे. बाहेरून फिरून आधी टेकू बघावेत, मग आत जाऊन काचा.

आणि सुरुवात हत्तरसंग कुडलपासून करावी. तिथल्या संगमेश्वर मंदिरात शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा शिलालेख आहे, त्यात मराठीतली एक ओळ आहे. मराठीच्या सगळ्यांत जुन्या कोरीव ओळींत तिची गणना होते. डरहॅमचा पाया घालण्याच्या पंचाहत्तर वर्षे आधी ती कोरली गेली, आणि ती ज्या दगडावर आहे तो दगड म्हणजे देवळाची तुळई आहे. हजार वर्षे झाली, तुळई अजून वजन घेऊन जागेवर आहे.